हंगाम, नाईट आणि पावसाचे चार महिने : दशावतारात टिकून राहण्याविषयी

प्रश्न थोडक्यात असा आहे. सिंधुदुर्गातल्या कुडाळ तालुक्यातील एक 26 वर्षांचे कलाकार गेले चार हंगाम एका दशावतारी नाट्यमंडळात, म्हणजे जत्रांत रात्रभर पौराणिक नाटके करणाऱ्या मंडळात, स्त्रीपार्टी (स्त्रीभूमिका) करीत आहेत. त्यांनी तीन गोष्टी विचारल्या आहेत. तीच आख्याने पुन्हा पुन्हा करताना कामातला ताजेपणा कसा राखावा? मिळकत तोकडी आणि झोप अर्धवट असताना शरीर व मन कसे सांभाळावे? आणि हे मंडळ सोडून मुंबईतले संयुक्त, म्हणजे अनेक मंडळांतल्या नटांनी मिळून केलेले, प्रयोग व यूट्यूब यांवर भिस्त ठेवावी का? मी स्वतः नट नाही. 31 हंगाम मी पायपेटीवर (पायाने भाता चालवायच्या हार्मोनियमवर) बसलो आहे, म्हणजे रंगमंचाच्या कडेला, जिथून नट आणि प्रेक्षक हे दोघेही एकाच वेळी दिसतात. माझे उत्तर त्या जागेवरून दिलेले आहे, आणि त्या जागेच्या मर्यादाही त्यात असणारच.

सुरुवात तुम्ही न विचारलेल्या गोष्टीपासून करतो, कारण बाकीचे सगळे तिच्यावर उभे आहे. शहरात नाटक 'लागते'. आपल्याकडे ते लागत नाही, ते 'असते'. कार्तिकात त्रिपुरारी पौर्णिमेच्या सुमारास सोनुर्लीच्या माउलीची जत्रा झाली की सिंधुदुर्गात आणि पलीकडे गोव्यातल्या पेडण्यापर्यंत जत्रांची जी साखळी सुरू होते ती मिरग (मृग नक्षत्र) जवळ येईपर्यंत चालते, आणि त्यातल्या बहुतेक जत्रांत पालखी देवळाला प्रदक्षिणा घालून आत गेली की मध्यरात्रीच्या आगेमागे नाटक उभे राहते. कोणत्या गावच्या जत्रेला कोणते मंडळ, हे अनेक ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले आहे. तिथे जाहिरात नाही, तिकीट नाही, आणि 'यंदा नको' असेही सहसा कोणी म्हणत नाही. सकाळी दहीहंडी फुटून धयकालो, म्हणजे दहीकाला, झाल्याशिवाय देवाचे कार्य पुरे झाले असे गावकरी मानत नाहीत, आणि त्या कार्यातला एक भाग तुमच्याकडे आहे.

कलाकाराला उमेद कुठून मिळते, असे मला पुष्कळांनी विचारले आहे. माझ्या पाहण्यात ती प्रतिभेतून कमी आणि या तारखेतून जास्त मिळते. अंगात कणकण असो, घरात भांडण झालेले असो, आपल्याला यातले काही जमत नाही असे मनाने ठाम ठरवून टाकलेले असो, अमुक तिथीच्या रात्री अमुक देवळासमोर आपण रंग लावून उभे राहायचे आहे हे ठरलेले असते, आणि एकदा उभे राहिले की उरलेले काम पखवाज आणि समोरची माणसे करून घेतात. मुंबई-पुण्यात नाटक करणारे माझे काही स्नेही आहेत, गुणाने आमच्यातल्या अनेकांपेक्षा सरस. पण दोन प्रयोगांमध्ये तीन महिने गेले की ते आतून विरघळतात, हे मी पाहिले आहे. तुम्हाला हंगामात विरघळायला सवडच नसते. ही तारीख हे तुमचे पहिले भांडवल आहे, आणि मंडळ सोडण्याचा विचार करताना आपण नक्की काय सोडतो आहोत याचा हिशेब तिच्यापासून मांडावा.

याच सोयीत एक धोकाही आहे. प्रेक्षक देवासाठी आलेला असतो, त्यामुळे तुम्ही वाईट काम केले तरी तो उठून जात नाही. फार तर घोंगडी ओढून झोपतो. चौथ्या-पाचव्या हंगामात नटाला हे कळते आणि तिथून तो उताराला लागतो. तुमचा पहिला प्रश्न नेमका या वळणावरचा आहे, म्हणून त्याला मी सर्वांत जास्त जागा देणार आहे.

आपल्याकडे लिहिलेली संहिता नसते हे जाणकारांना सांगायला नको, पण त्याचा अर्थ आपण नटमंडळीच विसरतो. आड दशावतार, म्हणजे गणपती, ऋद्धी-सिद्धी, सरस्वती, भटजी आणि तो काळ्या कपड्यातला, लाल जीभ लोंबणारा संकासुर, हा भाग बराचसा बांधलेला आहे. त्यात फार ढवळाढवळ करू नये असे माझे मत आहे. नंतरच्या आख्यानात मात्र संध्याकाळी देवळाच्या पडवीत पेटारे उतरले, गणपतीची पूजा झाली, की मंडळाचे मालक कथानक सांगतात, प्रवेश सांगतात, कोण कोणाला कुठे भेटतो ते सांगतात, आणि बाकीचे तुमच्यावर सोडतात. वाक्य न् वाक्य तुमचे. तरीही आठव्या-दहाव्या प्रयोगापासून तुम्ही तीच वाक्ये बोलू लागता, कारण ती एकदा टाळी घेऊन गेलेली असतात. बांधून ठेवणारी संहिता आपल्याला नव्हतीच. ती आपण स्वतःच्या हाताने लिहितो आणि मग तिला कंटाळतो.

यावर मला तीन गोष्टी उपयोगी पडताना दिसल्या आहेत. पहिली, मूळ ग्रंथाकडे जाणे. आपल्या आख्यानांतला मोठा भाग श्रीधरांच्या ओव्यांमधून, म्हणजे हरिविजय, पांडवप्रताप आणि शिवलीलामृतातून, आणि नवनाथांच्या कथांमधून आलेला आहे. शिवलीलामृत 1718 सालचे आहे. तीनशे वर्षांनंतरही त्यातली सीमंतिनी वाचताना नटाला नवे काहीतरी सापडते. मात्र पावसाळ्यात नुसते पारायण करून भागत नाही. ज्या स्त्रीचे काम आपण करणार आहोत ती ग्रंथात कोणाशी, कधी आणि किती बोलते एवढेच पाहावे, आणि ती कुठे गप्प राहते ते वहीत उतरवून ठेवावे. तुमचा प्रवेश बहुतेक वेळा त्या गप्प जागेत सापडतो.

दुसरी गोष्ट गावाची. दुपारी टेम्पो गावात पोचला की झोपेआधी अर्धा तास गावातून फिरून या. कोणाचे घर बंद आहे, यंदा काजूला मोहोर कसा आहे, नळाला पाणी येते का, हे ऐकून ठेवा. संकासुराचे काम करणारे हे पूर्वीपासून करतात, कारण त्यांची मालवणी कोपरखळी त्याशिवाय लागूच शकत नाही. स्त्रीपार्टी आणि राजपार्टी (राजाची भूमिका) करणारे मात्र हे आपले काम नाही असे समजतात, आणि तिथेच चुकतात. सावंतवाडीकडच्या एका गावातली रात्र सांगतो. आख्यान हरिश्चंद्राचे होते. तारामती करणारा नट माझ्याहून दहा वर्षांनी मोठा, पदांसाठी नावाजलेला. स्मशानातल्या प्रवेशात रोहिदासाला मांडीवर घेऊन तो एक पद म्हणत असे आणि त्या पदासाठी लोक पहाटेपर्यंत जागत. त्या दिवशी दुपारी चहाच्या टपरीवर त्याला कळले होते की त्या वाडीतल्या एका घरात पंधरवड्यापूर्वी लहान मूल गेले आहे. पहाटे चारच्या सुमारास प्रवेश आला. मी सवयीप्रमाणे पदाचा सूर दिला. त्याने माझ्याकडे एकदा पाहिले आणि मान किंचित हलवली. मी षड्ज तेवढा धरून ठेवला, पखवाज्याने हात कातड्यावर ठेवून दिला. तारामती काहीच बोलली नाही. तिने लुगड्याचा पदर हातात धरला, तो किती लांब आहे ते वीतभर-वीतभर मोजले, कारण स्मशानाचा कर म्हणून तेच द्यायचे होते, आणि अर्ध्यावर येऊन तिचे मोजणे चुकले. ती पुन्हा पहिल्यापासून मोजू लागली. एवढेच. त्या नटाने पुढे हे मोजणे कुठल्याही गावात पुन्हा केले नाही. मी एकदा विचारले तेव्हा तो म्हणाला, "ता त्या गावाचा होता."

तिसरी गोष्ट माझ्या विषयातली आहे, म्हणून जरा अधिकाराने सांगतो. तुम्ही तुमच्या सुरात गाता का? पुष्कळ तरुण स्त्रीपार्टी करणारे एखाद्या जुन्या नटाची पदे ऐकून शिकतात आणि त्याच्याच पट्टीत गाऊ लागतात. त्याचा गळा काळी चारचा, म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीचा, होता म्हणून तुम्हीही काळी चार. तुमचा स्वाभाविक सूर काळी दोनचा असेल तर जानेवारीच्या थंडीपर्यंत आवाज ओढून जातो, फेब्रुवारीत बसतो आणि शिमग्यानंतर उरतो तो फक्त जोर. पेटीवाल्याला न लाजता सांगावे की मला माझा सूर खाली द्या. यात कमीपणा नाही. बाईचा भास उंच पट्टीने होत नसतो. शब्द कुठे सोडला, श्वास कुठे घेतला, डोळे कुठे ठेवले, यांनी तो होतो.

आता पोटापाण्याचे. माझ्या वहीप्रमाणे 2018-19 च्या हंगामात मी 147 रात्री वाजवले. एवढ्या रात्री भरल्या तरी त्या पैशात बारा महिने निघत नाहीत, आणि निघतील अशी आशा करून लग्न, घर, कर्ज ठरवणारे मी बुडताना पाहिले आहेत. आपल्या भागात जे टिकले त्यांनी दशावताराला जोडून, पण दशावताराच्या वेळापत्रकात बसेल असे, दुसरे काम धरले. इथे कामाची निवड महत्त्वाची असते. भातशेती बसते, कारण लावणी पावसात आणि कापणी हंगामाच्या आधी. काजू-आंबा बसत नाही. घरची बाग असेल तर फेब्रुवारी ते मे हे नेमके जत्रांचे महिने बागेचेही असतात, आणि दोन्हीकडे हात लावणारा नट दिवसा बोंडे गोळा करून रात्री उभ्या-उभ्या झोपतो. बाग भावाकडे किंवा वाट्याने देऊन टाकावी. दुकानातली नोकरी पहिली दोन वर्षे जमल्यासारखी वाटते आणि मालकाचा संयम संपला की सुटते.

सर्वांत चांगले जुळते ते गणपतीच्या शाळेतले काम, असे मी म्हणेन. जूनपासून चतुर्थीपर्यंत गावोगाव मूर्तिशाळा चालतात आणि त्यांना रंगकामाला माणसे हवी असतात. ज्याने चार वर्षे स्वतःचा चेहरा स्वतः रंगवला आहे, सफेता किती, लाली कुठून चढवायची आणि काजळाची रेघ कुठे संपवायची हे ज्याच्या बोटांना ठाऊक आहे, त्याचा हात मूर्तीच्या डोळ्यांच्या आखणीला लवकर बसतो. आमच्या मंडळातला एक नट आखणी शिकला तेव्हा पहिल्या वर्षी त्याला फक्त पितांबर रंगवायला दिले होते. तिसऱ्या वर्षी डोळ्यांचे काम त्याच्याकडे आले. त्यानंतर त्याच्या रंगभूषेतली भुवई बदलली, ती अधिक शांत झाली. त्याची पावसाळ्यातली मजुरी हंगामातले काम सुधारणारी निघाली, आणि दुसरे काम निवडताना एवढे एकच पाहायचे असते. भजनाच्या डबलबाऱ्यांतही (दोन भजनीबुवांच्या सामन्यांतही) पैसे मिळतात, पण तुम्ही गळ्यावर जगणारे आहात, तेव्हा श्रावणात गळा खर्च करून कार्तिकात उघडे पडू नका.

उचलीबद्दल स्पष्ट बोलतो. पावसाळ्यात मालकाकडून आगाऊ रक्कम घ्यायची आणि पुढच्या हंगामात ती नाईटमधून, म्हणजे एका रात्रीच्या मानधनातून, फेडायची, ही पद्धत जुनी आहे आणि तिच्यात मुळात वाईट काही नाही. तिच्यामुळे पुष्कळ चुली पेटत्या राहिल्या. पण ती लिहिलेली हवी. मी तिशीत असताना एका मंडळाकडून घेतलेली उचल तोंडी होती, आणि हंगाम संपताना माझ्या आणि त्यांच्या आकड्यांत एवढे अंतर निघाले की पुढचा हंगाम मी जवळजवळ फुकट वाजवला. दोष निम्मा माझा होता, मी वही ठेवत नव्हतो. तेव्हापासून तारीख, गाव, आख्यान, नाईट आणि मिळालेली रक्कम असे पाच रकाने मी रोज सकाळी चहाआधी भरतो.

ती वही आणखी एका कामी येते. राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची ज्येष्ठ साहित्यिक व कलावंतांसाठीची मानधन योजना आहे. 2024 पासून तिच्यातली रक्कम सर्वांना सारखी, महिना 5000 रुपये झाली. त्यासाठी वय 50 च्या पुढे, कलेत किमान 15 वर्षे आणि वार्षिक उत्पन्न 60,000 रुपयांच्या आत अशा अटी आहेत. तुम्ही 26 वर्षांचे आहात, म्हणजे हे फार दूरचे वाटेल; पण पंधरा वर्षांचा पुरावा पंधराव्या वर्षी गोळा करता येत नाही. माझ्याबरोबरचे दोन उत्तम नट कागद नाहीत म्हणून अडून राहिले, कारण त्यांची सगळी कारकीर्द लोकांच्या आठवणीत होती आणि आठवणीला शिक्का नसतो. देवस्थान समितीचे पत्र, हँडबिल, सत्काराचा फोटो, जे मिळेल ते तारखेसह एका पिशवीत ठेवा. मंडळांसाठी सांस्कृतिक कार्य संचालनालयाकडून अनुदानाची सोयही आहे आणि दशावतार त्यात बसतो. तो अर्ज मालकांनी करायचा असतो, पण संगणकावर बसून तो भरून देणारा तरुण मंडळात असला तर फरक पडतो. तुम्ही बारावी झालेले आहात असे लिहिले आहे; तो तरुण तुम्हीच व्हा.

आणि विमा. आपण रोज रात्री दीडच्या-दोनच्या धुंदीत नाही, तर पहाटे सहाच्या झोपेत टेम्पोतून प्रवास करतो, आणि घाटात चालकही झोपेतच असतो. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत बँक खात्यातून वर्षाला 20 रुपये कापले जातात आणि अपघाती मृत्यूला दोन लाखांचे संरक्षण मिळते. एवढे तरी मंडळातल्या प्रत्येकाचे असावे. आमच्याकडे हे करायला दोन बैठका लागल्या, त्यातली एक 'अभद्र बोलू नये' यावरच संपली.

शरीराच्या बाबतीत माझा सल्ला कंटाळवाणा आहे. झोप तुकड्यांत मिळणार हे मान्य करून दुसरा तुकडा, म्हणजे दुपारी दोन ते पाच, देवासारखा जपावा; त्या वेळात फोन पेटाऱ्यात टाकावा. रंग उतरवायला खोबरेल वापरावे आणि घाई करू नये. दारूविषयी मी उपदेश करणार नाही, फक्त जे पाहिले ते सांगतो. थंडी घालवण्यासाठी म्हणून आड दशावतार चालू असताना पडद्यामागे घेतलेला पहिला घोट पाच-सात वर्षांत नटाची स्मरणशक्ती नेतो असे नाही, त्याआधी तो त्याची ऐकण्याची शक्ती नेतो. समोरचा काय बोलला हे न ऐकता तो आपलेच पुढे बोलत सुटतो. संहिता नसलेल्या नाटकात ऐकू न येणारा नट म्हणजे ताल न ऐकणारा पखवाजी.

स्त्रीपार्टी करणाऱ्याला जे टोमणे ऐकावे लागतात आणि लग्न जुळवताना जे प्रश्न येतात, त्यांचा तुम्ही अर्ध्या ओळीत उल्लेख केला आहे. अर्ध्या ओळीतच केला म्हणून मला तो मोठा वाटतो. जुन्या मंडळींची एक रीत होती. नाटक संपल्यावर ती लगेच रंग उतरवत नसत. साडी सोडून, पंचा लावून, चेहरा तसाच ठेवून पंधरा-वीस मिनिटे एका बाजूला बसत, कोणाशी न बोलता. मग तेल लावत. आम्ही पोरे हसायचो. पुढे त्यांच्यातल्या एकाने सांगितले की रात्रभर जिच्यासाठी रडलो तिला एकदम पुसून टाकले की दिवसभर चिडचिड होते. मानसशास्त्र त्यांनी शिकलेले नव्हते, पण ही वीस मिनिटे मी तुम्हाला औषध म्हणून लिहून देईन. टोमणे मारणाऱ्यांना उत्तर देत बसू नका. एखाद्या होऊ घातलेल्या सासऱ्याला मात्र जत्रेला बोलवा आणि पुढच्या रांगेत बसवा. आता महिलांचीही दशावतारी मंडळे उभी राहिली आहेत आणि त्या बायका राजपार्टी झोकात करतात. त्यांना काय काय ऐकावे लागत असेल याचा विचार केला की आपली तक्रार जरा आटोपती घ्यावीशी वाटते.

समूहाबद्दल थोडे, कारण 2020 ने ते आम्हाला शिकवले. मार्चमध्ये टाळेबंदी आली तेव्हा हंगाम भर शिमग्यानंतरच्या जत्रांवर आला होता. तारखा एका रात्रीत गेल्या, आणि वर म्हटलेले माझे पहिले भांडवलच संपले. पहिले दोन महिने कोणी कोणाला फोनसुद्धा करीत नव्हते. मग पावसाळा लागला आणि मालकांनी निरोप पाठवला की पेटाऱ्यातल्या कपड्यांना बुरशी धरेल, तेव्हा रविवारी उन्हाची तिरीप पडली की दोघा-दोघांनी येऊन कपडे वाळवायला टाकावे. जरीचे शेले, मखमली अंगरखे, मुकुट, गणपतीचा मुखवटा. माणसे कपडे वाळत घालायला आली, अंगणात अंतर ठेवून बसली, आणि तिसऱ्या रविवारी कोणीतरी नमन म्हटले. पैसे एक रुपयाही मिळाले नाहीत, पण त्या पावसाळ्यात आमच्यातला कोणी कोलमडला नाही, याचे श्रेय मी त्या बुरशीला देतो. त्यानंतर आम्ही प्रत्येक नाईटमागे प्रत्येकाचे दहा रुपये बाजूला काढतो. रक्कम छोटी आहे, पण एका पखवाज्याच्या हाताची शस्त्रक्रिया तिच्यातून झाली, आणि तो पैसा मागताना त्याला कोणाच्या दारात उभे राहावे लागले नाही.

तुमच्याच तालुक्यातले आणखी एक उदाहरण डोळ्यांसमोर ठेवा. पिंगुळीच्या गुढीपुरात ठाकर समाजाच्या परशुराम गंगावणे यांनी चित्रकथी (चित्रे दाखवून कथा सांगण्याची कला), कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या बाहुल्यांचा वारसा सांभाळण्यासाठी 2006 मध्ये स्वतःच्या गुरांच्या गोठ्यात संग्रहालय उभे केले; 2021 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. लोक पद्मश्रीबद्दल बोलतात, मला गोठा अधिक महत्त्वाचा वाटतो. त्यांच्या कलेला आपल्यासारखी जत्रांची भरगच्च साखळी राहिली नव्हती, तेव्हा त्यांनी येणाऱ्यासाठी जागा केली, म्हणजे तारीख नव्हती तिथे पत्ता निर्माण केला. जुन्या पोथ्यांतली चित्रे पाहायला आज माणसे तिथे शोधत येतात.

आता तुमचा तिसरा प्रश्न. संयुक्त दशावताराला मी नावे ठेवणार नाही. निरनिराळ्या मंडळांतले गाजलेले नट एका रात्रीसाठी एकत्र आणून, ट्रिकसीन (चमत्कारांची दृश्ये) लावून, नाट्यगृहात तिकीट काढून केलेल्या प्रयोगाने चाकरमान्यांना आपले नाटक शहरात मिळाले आणि नटाला आठवड्याची कमाई एका रात्रीत मिळाली. पण तिथे प्रत्येक जण आपला ठेवणीतला तुकडा घेऊन येतो आणि तो वाजवून जातो. समोरच्याला उचलून धरण्याइतकी ओळखच नसते. वर सांगितलेले ते मोजणे तिथे घडले नसते, कारण पेटीवाल्याला ती मान हललेली कळली नसती. म्हणून माझे मत असे की पावसाळ्यात, मंडळाच्या तारखा नसताना, वर्षाला पाच-सात संयुक्त प्रयोग खुशाल करा. त्यावर घर चालवायचे ठरवलेत तर नाव होईपर्यंत थांबावे लागेल, आणि नाव व्हायला जी रोजची रात्र लागते ती तुम्हाला मंडळच देते आहे.

यूट्यूबचे गणित वेगळे आहे. आज जत्रेत चार जण तरी मोबाईल धरून पूर्ण आख्यान टिपतात आणि दुसऱ्या दिवशी ते आखातातल्या आणि मुंबईतल्या मालवणी घरांत पोचते. हे थांबवता येणार नाही. पण मंडळाने स्वतःची वाहिनी काढून आड दशावतार आणि एखादे गाजलेले पद एवढेच टाकावे, आख्यान पूर्ण टाकू नये, आणि येणाऱ्या पैशाचा वाटा नाईटप्रमाणेच सर्वांना, झांजवाल्यालासुद्धा, मिळेल असे आधीच लिहून घ्यावे. एकट्या नटाने स्वतःच्या नावाची वाहिनी काढली की सहा महिन्यांत मंडळात कुजबुज सुरू होते. हे मी दोन ठिकाणी पाहिले, आणि दोन्ही ठिकाणी भांडण पैशांवरून नव्हते, पडद्यावर नाव कोणाचे यावरून होते.

एवढे सगळे ऐकूनही मंडळ सोडावेसे वाटत असेल, आणि कधी कधी ते योग्यही असते, विशेषतः मालक हिशेब दाखवत नसेल तर, तर मध्येच सोडू नका. हंगामातली शेवटची जत्रा होऊ द्या, धयकालो खाऊन घ्या, उचल शिल्लक असेल तर फेडून वहीत दोघांच्या सह्या घ्या, आणि पेटाऱ्यातल्या गणपतीसमोर नारळ ठेवून मालकांना तोंडावर सांगा. दुसरे मंडळ तुम्हाला कामावर घेण्याआधी पहिल्या मालकांना फोन करणार आहे, एवढा आपला जिल्हा लहान आहे. आणि तुमची पट्टी कोणती हे अजून ठरलेले नसेल तर भाद्रपदात, गणपती विसर्जनानंतर, एखाद्या पेटीवाल्याकडे सकाळचे चार दिवस जा. सरावासाठी हंगामातली रात्र वापरू नका. तेव्हा पेटीवालाही दमलेला असतो.